ओकच्या कपाटाला अमोनियाची धुरी: कशी द्यावी आणि कुठे देऊ नये

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ओहायोतील घराच्या गॅरेजात आपण पांढऱ्या ओकचे पुस्तकांचे कपाट तयार केले आहे. पाठीच्या फळ्या मात्र स्वस्त मिळाल्या म्हणून लाल ओकच्या लावल्या आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन क्राफ्ट्समन फर्निचरवर दिसतो तसा गडद तपकिरी रंग आपल्याला स्टेन न लावता, अमोनियाच्या वाफेने आणायचा आहे. घरगुती सफाईचा अमोनिया त्याला पुरेल का, कपाट वाफेत किती तास ठेवावे, आणि हीच रीत पुण्यातील आई-वडिलांच्या सागवानी जेवणाच्या टेबलाला लागू पडेल का, असे आपण विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, तिसऱ्याचे नाही असे आहे, आणि दुसऱ्याचे उत्तर घड्याळात नाही. अमोनिया हा रंग नव्हे. ओकमध्ये मुळातच असलेल्या टॅनिन या तुरट द्रव्यावर तो काम करतो, आणि जिथे टॅनिन नाही तिथे तो काहीच करत नाही. त्यामुळे या कामाचे बरेवाईट फळ्या निवडताना ठरून जाते. तंबू, ताटल्या आणि तास हा त्यानंतरचा, तुलनेने सोपा भाग आहे.

घडते ते असे. अमोनियाची वाफ लाकडातील नैसर्गिक ओलाव्यात विरघळते आणि तिथली आम्लता घालवून लाकूड अल्कलीकडे झुकवते. अशा स्थितीत टॅनिनचे रेणू हवेतील ऑक्सिजनशी झपाट्याने संयोग पावतात आणि त्यांतून गडद, मोठ्या रेणूंची संयुगे तयार होतात. म्हणजे अमोनिया, ओलावा, हवा आणि टॅनिन या चारही गोष्टी लागतात. रंग पृष्ठभागावर बसलेला नसून लाकडाच्या पेशींत तयार झालेला असतो, म्हणून तो अ‍ॅनिलीन रंगांसारखा उन्हाने लवकर उडत नाही, आणि वाफेने पाण्यासारखे रेषे उभे राहत नसल्याने पृष्ठभागही गुळगुळीत राहतो. धुरी दिलेला तुकडा आडवा कापून पाहिला, तर कडेने एक ते दीड मिलिमीटर जाडीची गडद किनार दिसते आणि आत मूळचे फिकट लाकूड राहिलेले असते. ही किनार एकदा डोळ्यांनी पाहावी, कारण धुरीनंतर किती घासता येईल याचा अंदाज तिच्यावरूनच येतो.

अमेरिकन फर्निचरकार गुस्ताव्ह स्टिक्ली यांनी न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूजजवळच्या ईस्टवुड येथील कारखान्यात हीच रीत वापरली आणि 1901 ते 1916 या काळात निघालेल्या 'द क्राफ्ट्समन' या आपल्या मासिकामार्फत ती घरोघरच्या हौशी सुतारांपर्यंत पोहोचवली. इंग्लंडमध्ये ती त्याआधीपासून परिचित होती. तबेल्यातील ओकचे खांब घोड्यांच्या मुतामुळे काळवंडलेले पाहून ही कल्पना सुचली, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, तिच्यातील रसायन बरोबर आहे. स्टिक्लींना ही रीत का भावली, हे कळण्यासाठी क्वार्टर-सॉन, म्हणजे ओंडका आधी चार भागांत चिरून मग काढलेली, फळी हातात घ्यावी लागते. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींचे चकाकते, वेडेवाकडे पट्टे अशा फळीवर उघडे पडलेले असतात. हे पट्टे घट्ट असल्याने बाजारातला रंगद्रव्याचा स्टेन त्यांच्यात शिरत नाही. आजूबाजूचे लाकूड गडद होते आणि पट्टे पांढरट राहून डोळ्यांत खुपतात. अमोनियाची वाफ पट्ट्यांत आणि त्यांच्या शेजारी सारखीच शिरते, त्यामुळे पट्टे दिसतात पण ओरडत नाहीत. आपले कपाट साध्या, सपाट चिराईच्या फळ्यांचे असेल आणि हे पट्टे त्यात नसतील, तर या सगळ्या उपद्व्यापाने चांगल्या स्टेनपेक्षा फार काही अधिक हाती लागेल, असे मला वाटत नाही.

आता फळ्यांविषयी. बाजारात पांढरा ओक या नावाखाली एकाच जातीचे नव्हे, तर जवळच्या अनेक जातींचे लाकूड विकले जाते, आणि एकाच जातीच्या दोन झाडांतही टॅनिनचे प्रमाण वेगळे असते. दुकानात सारख्या दिसणाऱ्या दोन फळ्या धुरीनंतर शेजारीशेजारी उभ्या केल्या, तर एक कॉफीसारखी आणि दुसरी करड्या मातीसारखी निघू शकते. म्हणून एका वस्तूच्या सर्व दर्शनी फळ्या शक्यतो एकाच ओंडक्यातून निघालेल्या घ्याव्यात. आपले कपाट तयार झालेले असल्याने हा सल्ला उशिरा येतो आहे, पण प्रत्येक फळीचे उरलेले तुकडे आपल्याकडे असतीलच. प्रत्येकावर पेन्सिलीने तो कुठल्या फळीचा आहे ते लिहावे आणि कपाटाला हात लावण्यापूर्वी हे सर्व तुकडे झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, तळाशी अमोनियाची वाटी ठेवून, एक दिवस ठेवावेत. कुठली फळी मागे राहणार आहे, हे त्यातून आधीच कळते.

सालीलगतचा पांढरा भाग, म्हणजे रसकाष्ठ, धुरीत जवळजवळ तसाच राहतो. कच्च्या लाकडात हा फरक इतका हलका असतो की सुताराच्या नजरेतून तो सुटतो. धुरीनंतर मात्र फळीच्या कडेने चुन्याची रेघ ओढावी तसा तो उमटतो. कपाटाच्या प्रत्येक कडेवर टर्पेंटाइनने ओला केलेला फडका फिरवून तिरप्या उजेडात पाहावे. फिकट पट्टा असेल तर तो ओलेपणी दिसतो. त्याची जागा टिपून ठेवावी, उपाय पुढे येईल.

आपल्या लाल ओकच्या पाठीची अडचण याच स्वरूपाची आहे. लाल ओकमध्ये टॅनिन कमी असते आणि धुरीने तो फिकट, किंचित हिरवट तपकिरी होतो. पाठ काढता येत असेल तर ती पांढऱ्या ओकची करून घ्यावी, हे माझे पहिले मत. ते शक्य नसेल, तर टॅनिक अ‍ॅसिडची पूड ऊर्ध्वपातित पाण्यात सुमारे 5 टक्के प्रमाणात विरघळवून तिचा हात द्यावा. घरी वाइन करणाऱ्यांच्या दुकानांत ही पूड मिळते. पाण्याने रेषे उभे राहतात, म्हणून आधी फळी नुसत्या पाण्याने ओली करून, वाळवून, बारीक सँडपेपरने घासून घ्यावी आणि मग टॅनिनचा हात सलग, न थांबता, ओल्या कडा न सुकू देता द्यावा. त्यानंतर घासू नये, कारण ते टॅनिन पृष्ठभागावरच असते. पुस्तके लावल्यावर पाठ फारशी दिसणार नाही, हेही आपण लक्षात घ्यावेच. आपल्याकडच्या एखाद्या फळीच्या जातीविषयी शंका असेल, तर तिचा रेषांच्या दिशेने कापलेला बोटभर तुकडा घेऊन एक टोक पाण्यात बुडवावे आणि दुसऱ्या टोकातून फुंकावे. लाल ओकच्या नलिका मोकळ्या असल्याने पाण्यात बुडबुडे येतात. पांढऱ्या ओकच्या बहुतेक जातींत त्या बुजलेल्या असतात.

धुरीपूर्वी कपाट पूर्णपणे घासून तयार असावे. सांध्यातून बाहेर आलेला फेविकॉलसारखा गोंद कोपऱ्यांत वाळून बसलेला असेल, तर त्याच्या पापुद्र्याखाली वाफ पोहोचत नाही आणि तिथे फिकट डाग राहतो. म्हणून असे डाग पटाशीने तासून काढावेत. लोखंडी शिकंजे ओल्या गोंदाला लागून पडलेले निळे-काळे डाग म्हणजे लोह आणि टॅनिन यांचे संयुग होय. ते ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने जातात, पण नंतर ती जागा भरपूर पाण्याने पुसून घ्यावी, नाहीतर उरलेले आम्ल अमोनियाला तिथे काम करू देणार नाही. स्टील वूल ओकवर वापरूच नये, कारण त्याचे कण रेषांत अडकतात आणि पुढे काळे ठिपके होऊन उमटतात.

बिजागऱ्या, मुठी, शेल्फच्या पितळी खुंट्या हे सारे काढून ठेवावे. अमोनिया पितळ काळवंडवतो एवढेच नव्हे, तर ताणाखाली असलेल्या पितळेला तडे पाडतो. ब्रिटिश काळात भारतातील लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली असता तडकत असत. घोड्यांच्या मुतातील अमोनिया आणि काडतूस घडवताना धातूत राहिलेला ताण मिळून हे घडते, असा उलगडा 1921 मध्ये झाला. ओकला रंग देणारा तबेला आणि काडतुसे फोडणारा तबेला हे एकाच वायूचे काम आहे.

अमोनियाच्या तीव्रतेविषयी लोक अकारण हट्टी असतात. स्टिक्लींनी 26 टक्क्यांचा अमोनिया सांगितला म्हणून तोच हवा, असा समज आहे. हार्डवेअरच्या दुकानात सफाईसाठी मिळणारा सुमारे 10 टक्क्यांचा अमोनियाही तोच रंग देतो; वेळ दुपटीने-तिपटीने लागतो आणि मध्ये एकदा ताटल्यांतला द्रव बदलावा लागतो, इतकेच. घरगुती वापराचा 5 टक्क्यांचा, सुगंध घातलेला अमोनिया लहान पेटीला चालतो, एवढ्या मोठ्या कपाटाला तो कंटाळवाणा होईल. घराला लागून असलेल्या गॅरेजात काम करणाऱ्याने 10 टक्क्यांच्या वर जाऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. वेळ वाचवण्यासाठी फुफ्फुसे पणाला लावण्याची ही जागा नव्हे.

कारण हा वायू खरोखर घातक आहे. भारतात आर्किटेक्टच्या ऑफिसात पूर्वी नकाशांच्या प्रती अमोनियाच्या वाफेने काढत असत, त्यांना अमोनिया प्रिंट म्हणत. त्या खोलीत ज्यांनी उभे राहून पाहिले आहे त्यांना त्याच्या सौम्य रूपाची कल्पना असेल. कामाच्या जागेवरील सुरक्षिततेसाठी असलेली अमेरिकेतील नायोश ही संस्था दिवसभराच्या कामासाठी हवेत 25 पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) मर्यादा सांगते आणि 300 पीपीएम ही पातळी जीवाला तात्काळ धोकादायक मानते. तीव्र अमोनियाची बाटली बंद जागेत सांडली तर ही पातळी बघता बघता ओलांडली जाते. शिवाय नाकाला वासाची सवय होते, त्यामुळे वास कमी झाला म्हणजे वायू कमी झाला असे धरू नये. डोळ्यांना चहूबाजूंनी घट्ट बसणारा गॉगल, रबरी किंवा नायट्राइलचे लांब हातमोजे आणि अमोनियासाठीच्या हिरव्या खुणेच्या कार्ट्रिजचा रेस्पिरेटर एवढे लागतेच. धुळीचा मास्क, मग तो एन-95 का असेना, वायूला अडवत नाही. डोळ्यात थेंब गेला तर किमान 15 मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा धरावा आणि दवाखाना गाठावा. म्हणून पाण्याचा पाइप कुठे आहे हे बाटली उघडण्यापूर्वी पाहून ठेवावे. ब्लीच असलेले कोणतेही सफाईचे द्रव्य त्या जागी नसावे, कारण दोहोंच्या मिश्रणातून विषारी क्लोरामाइन निघतात. घरात उघडणारे गॅरेजचे दार चिकटपट्टीने बंद करावे आणि गॅसचा हीटर किंवा पायलट ज्योत तिथे असेल तर काम बाहेरच्या शेडमध्ये न्यावे.

तंबू साधाच असतो. पट्ट्यांचा सांगाडा कपाटापेक्षा हातभर मोठा करून त्यावर जाड, पारदर्शक पॉलिथिन टाकावे, सांधे चिकटपट्टीने बंद करावेत आणि खालच्या कडांवर वाळूच्या लांब पिशव्या ठेवाव्यात. कपाट जमिनीवर टेकवू नये. चार टोकदार ठोकळ्यांवर उभे करावे, कारण जिथे लाकूड कशाला चिकटून असते तिथे फिकट ठसा राहतो. सुटी शेल्फे बाहेर काढून कडेवर, एकमेकांपासून अंतर ठेवून उभी करावीत. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या पसरट ताटल्या दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात. अमोनिया हवेपेक्षा हलका असल्याने त्या तळाशी असल्या की वाफ आपोआप वर चढते. एवढ्या आकाराला अर्धा लिटर द्रव पुरतो. आधी सगळे बंद करून शेवटी एकच कोपरा उघडा ठेवावा, तिथून ताटल्यांत द्रव ओतावा, कोपरा बंद करावा आणि बाहेर यावे. ओहायोच्या हिवाळ्यात बिनतापवलेल्या गॅरेजात हे काम करू नये. 15 अंशांखाली वाफही कमी सुटते आणि क्रियाही रेंगाळते. मे ते सप्टेंबर हा आपल्याकडचा योग्य काळ आहे.

किती वेळ, याचे उत्तर नमुन्याचे तुकडे देतात. कपाटाच्या फळ्यांचेच सात-आठ तुकडे दोऱ्याने तंबूत, एका झाकता येण्याजोग्या फटीजवळ टांगावेत आणि बारा तासांनंतर ठरावीक वेळाने एकेक बाहेर ओढावा. तीव्र अमोनियात साधारण एक ते दोन दिवस लागतात, 10 टक्क्यांच्या अमोनियात तीन ते पाच दिवस धरावेत. बाहेर काढलेला तुकडा पाहून बहुतेकांचा धीर खचतो, कारण तो तपकिरी दिसतच नाही. राखेसारखा, थोडा हिरवट, निर्जीव करडा दिसतो. तशा कोरड्या तुकड्यावरून निर्णय घेऊ नये. त्यावर आपण शेवटी जे फिनिश लावणार आहात तेच लावून, वाळवून, दिवसाच्या उजेडात पाहावे. करड्याखाली दडलेला तपकिरी तेव्हाच वर येतो. हवा तो रंग दिसला की तंबू उघडावा. किंचित अलीकडे थांबलेले बरे, कारण पुन्हा धुरी देता येते, दिलेली परत घेता येत नाही.

उघडताना गॅरेजचे मुख्य दार सताड उघडून, रेस्पिरेटर लावून, प्रथम ताटल्या उचलाव्यात. उरलेला द्रव भरपूर पाण्यात मिसळून, पांढऱ्या व्हिनेगरने त्याची तीव्रता मारून मगच मोरीत ओतावा; पावसाच्या पाण्याच्या गटारात तो कधीही जाऊ देऊ नये, कारण अमोनिया माशांना फार लवकर मारतो. कपाटाचा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे दोन-तीन दिवस, ते मोकळ्या हवेत राहू द्यावे.

फिनिशमध्ये माझी पसंती लाखेला आहे, आणि तीही गडद गार्नेट लाखेला. धुरीच्या करडेपणात जी ऊब कमी असते ती तांबूस लाख भरून काढते. अमेरिकेतील दुकानांत मिळणारे लाखेचे पापुद्रेही बहुधा भारतातलेच असतात. झारखंड हा लाखेचा मोठा प्रदेश आहे. स्पिरिटमधल्या लाखेचे दोन-तीन पातळ हात आणि वर गडद मेण एवढ्याने काम सुरेख होते. रसकाष्ठाचे ते टिपून ठेवलेले पट्टे याच टप्प्यावर सुधारावेत: पातळ लाखेत स्पिरिटमध्ये विरघळणारा तपकिरी रंग चिमूटभर घालून, बारीक ब्रशने, एकावर एक हलके हात देत पट्टा शेजारच्या रंगापर्यंत आणावा. जवसाचे तेलही चांगले दिसते, फक्त तेलाचे फडके चोळामोळा करून टाकू नयेत, ते आपोआप पेटतात. पाण्यावर आधारलेले पॉलियुरेथेन मात्र मी टाळतो; त्याखाली धुरीचा ओक थंड आणि करडाच राहतो. लाख अमोनियात विरघळते, म्हणून या कपाटावर पुढे काच पुसायचा अमोनियाचा फवारा मारू नये, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे.

राहिले पुण्याचे टेबल. सागवानाचा सोनेरी तपकिरी रंग आणि त्याचा तेलकटपणा वेगळ्याच द्रव्यांमुळे असतो. ओकसारखे टॅनिन त्यात नसल्याने धुरीचा परिणाम निराशाजनक होतो. शिवाय घरातल्या टेबलावर जुने पॉलिश असणार, आणि ते पूर्ण खरवडल्याशिवाय वाफ लाकडापर्यंत पोहोचणारच नाही. टॅनिन बाहेरून देण्याचा विचार कोणाला सुचेल. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत गोळा होणारा हिरडा टॅनिनने भरलेला असतो आणि त्याचा काढा कातडी कमावण्यात व काळ्या रंगात पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला आहे. परंतु तेलकट सागवानावर तो वरवरच बसेल आणि जेवणाच्या टेबलावर ताटांच्या घर्षणाने वर्षभरात उतरेल. त्यात पुण्याच्या सोसायटीतील फ्लॅटमध्ये तंबू उभारणे म्हणजे वरच्या आणि खालच्या मजल्यावर संकट ओढवून घेणे. भारतात रसायनांच्या दुकानांत मिळणारा 25 टक्क्यांचा लिकर अमोनिया, म्हणजे अमोनियाचे पाण्यातले द्रावण, सुमारे 38 अंशांना उकळू लागतो, आणि एप्रिलमधल्या दुपारी पुण्यात पारा त्याच्या पुढेही जातो. अशा वेळी बाटलीचे झाकण उघडताच द्रव तोंडावर उसळू शकतो. त्या टेबलासाठी जाणत्या पॉलिशवाल्याकडून जुने पॉलिश काढून, गडद लाखेचे नवे पॉलिश हाताने करून घ्यावे. आई-वडिलांना ओकचाच रंग हवा असेल, तर कारखान्यात धुरी दिलेल्या ओकचे व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, पुण्या-मुंबईच्या प्लायवूडच्या बाजारात तयार मिळते; ते नव्या टेबलाला लावावे, जुन्या सागवानावर चिकटवू नये.